गळालेली नावं

"मला कारणं नकोत मॅडम, नाव पाहिजे," जगदाळेसाहेब म्हणाले. "कुणी केलं तेवढं सांगा. पुढचं मी आणि पोलीस बघून घेऊ."

पुनर्वसन कार्यालयात त्यांच्या टेबलासमोर मी बसले होते. पुण्याहून एसटीने घाट ओलांडून नुकतीच आले होते. मे महिना होता. खिडकीतला कूलर आवाज भरपूर करत होता आणि हवा मात्र गरमच फेकत होता. साहेब माणूस वाईट नव्हता, पण वरून आणि खालून दोन्हीकडून दाबला गेला होता, आणि असा माणूस सगळ्यात आधी बळीचा बकरा शोधतो.

मी तेव्हा पुण्यातल्या एका लहानशा संगणक कंपनीत होते. मोरखिंड धरणात जी गावं बुडणार होती, तिथल्या कुटुंबांची माहिती भरायची वेबसाइट आम्ही करून दिली होती. गावातला माणूस कार्यालयात येणार, घरातल्या एकेकाची माहिती सांगणार, ऑपरेटर ती फॉर्ममध्ये भरणार आणि बटण दाबलं की ती आमच्या सर्व्हरवर जाऊन साठणार. काम अगदी साधं. वर्षभर ते बिनबोभाट चाललं आणि मग नावं गायब व्हायला लागली.

सगळ्यांची झाली असती तर प्रश्नच नव्हता. गोम अशी की कधी व्हायची, कधी नाही. लागोपाठ शंभर कुटुंबं नीट जायची आणि मध्येच एखाद्यातली दोन माणसं गळायची, दुसऱ्यातली चार. स्क्रीनवर "माहिती जतन झाली" अशी हिरवी पट्टी यायची. चूक म्हणून कुठे अक्षर उमटायचं नाही. पुण्यात आम्ही तोच फॉर्म दहादा भरून पाहिला, दहाही वेळा सगळं जिथल्या तिथे. साफ बंद पडलेलं यंत्र दुरुस्त करता येतं. अधूनमधून बिघडणारं यंत्र माणसाला संशयी करतं, आणि मी तर मुळातच संशयी. दूधवाला नेहमीपेक्षा जास्त हसला तर दुधात बोट बुडवून बघणारी बाई आहे मी.

त्यात साहेबांनी जे सांगितलं त्याने माझे कान टवकारले. गळालेलं एकूण एक नाव बाईचं होतं. विधवा, नवऱ्याने टाकलेल्या, लग्न न झालेल्या. पुरुष एकही नाही.

"मशीनला बाई-पुरुष कळतं का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग मशीनने नाही केलेलं. माणसानेच केलंय."

खरं सांगायचं तर मला त्यांचं म्हणणं पटलंच होतं. यादीत जिचं नाव असेल अशा प्रत्येक एकट्या बाईला नव्या गावठाणात घरासाठी वेगळी जागा मिळणार होती, शिवाय बापाच्या जमिनीत वारस म्हणून हक्क. नाव नसेल तर ती भावाच्या किंवा दिराच्या पडवीत, तो ठेवील तशी. नाव गळण्यात कुणाचा फायदा हे सांगायला संगणक शिकलेली बाई कशाला पाहिजे? यादी सोमवारी जिल्ह्याला जायची होती. एकदा गेली की बदल नाही. आणि मी पोचले तो शुक्रवार होता.

बाहेर व्हरांड्यात बाकावर एक बाई बसली होती. पन्नाशीची, काटक, हिरवं लुगडं, मांडीवर पिशवी. मला बघून ती सरकली नाही, उलट बारकाईने खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुमी पुन्याच्या का? कुनाच्या बाजूनं आलाय?"

"कुणाच्याच नाही."

"आसं कुनी नसतं," ती म्हणाली आणि पिशवीतून तंबाखू काढून मळायला लागली.

ती मोरखिंडची गजराबाई नलवडे. पहिली तक्रार तिचीच. ग्रामसभेत यादी मोठ्याने वाचली गेली तेव्हा नलवड्यांचं सगळं घर वाचून झालं तरी तिचं नाव आलं नाही. ती तिथेच उभी राहिली आणि थोरल्या भावाला, घराचा कारभार बघणाऱ्या मारुतीला, सगळ्या गावासमोर म्हणाली, "माजं नाव तू खाल्लंस." त्या दिवसापासून तिने भावाच्या घरचं पाणी सोडलं होतं. गोठ्यात तीन दगड मांडून वेगळं शिजवत होती. हे मला शिपायाने सांगितलं आणि वर हेही सांगितलं, की नवऱ्याने हिला टाकली तेव्हा बैलगाडी जुंपून तिला माहेरी परत आणायला हाच मारुती गेला होता. भांडी-कुंडी, ट्रंक, सगळं. सासरच्यांशी दोन हात करून. मग त्याच भावाने आता असं करावं? शिपाई म्हणाला, "जमीन लई वंगाळ मॅडम. देवालाबी भाऊ ठेवत नाही ती."

तिच्या तक्रारीनंतर बाकीच्या गावांतल्या बायाही एकेक करून आल्या. माझं नाव बघा, माझं बघा. आणि खरंच नव्हती.

मी सर्व्हरवरची नोंद काढली. कुठला फॉर्म कुणाच्या लॉगिनने भरला ते तिथे राहतं. नावं गळालेले सगळेच्या सगळे फॉर्म एकाच लॉगिनचे निघाले. दत्ता गुरव.

कार्यालयात ऑपरेटर दोन. एक वयस्कर बाई, एका बोटाने टाइप करणाऱ्या. दुसरा हा दत्ता, पंचविशीचा, बोटं अशी चालायची की बघत राहावं. पण मी आत आले की तो ताठ व्हायचा. विचारलं तेवढंच बोलायचा. दर अर्ध्या तासाने मोबाइल वाजला की उठून बाहेर जायचा, भिंतीकडे तोंड करून कुजबुजायचा. दारात त्याची नवी कोरी मोटरसायकल उभी होती. मला आणखी काय पाहिजे होतं? मनातल्या मनात मी साहेबांना नाव देऊनही टाकलं होतं.

शुक्रवारचा उरलेला दिवस मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. तो भरेल तो प्रत्येक फॉर्म मी लगेच उघडून बघत होते. एकही नाव गळालं नाही. अर्थात मी शेजारी बसल्यावर चोर चोरी कशाला करेल, असं मी स्वतःला समजावलं. संध्याकाळी तो एकदम म्हणाला, "मॅडम, तुम्हाला मी चोर वाटतोय ना?"

"मला काहीच वाटत नाही. मी बघतेय."

"फोन कुणाचे येतात ते पण बघा मग. मुलीकडचे आहेत. पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं. त्यांच्या कानावर गेलंय की मला पोलीस उचलणार. रोज विचारतात, खरं काय. गाडी सासऱ्यांनी दिलीय, ती परत मागायला लागलेत." त्याचा आवाज फुटला आणि त्याने उगाचच कीबोर्ड पुसायला घेतला. मला वाईट वाटलं, पण विश्वास बसला असं नाही. रडणारे चोरही असतात.

शनिवारी सकाळी मारुती नलवडे आला. धोतर, टोपी, हातात कैऱ्यांची पिशवी. पिशवी साहेबांच्या टेबलाखाली ठेवून तो माझ्याकडे आला आणि हात जोडून उभा राहिला. बहिणीचं नाव भावाने काढलं म्हणून गाव आपल्या तोंडावर बोलतंय, सोयरे येईनासे झालेत, रात्रीची झोप उडालीय, असं बरंच सांगत राहिला. मग म्हणाला, "काय वाट्टंल ते करा बाई, पन खरं काय ते भायेर काढा. माज्या तोंडाचं काळं पुसा."

तो जरा जास्तच बोलतोय असं मला वाटलं. त्यात दुपारी चहाच्या टपरीवर तो आणि दत्ता डोक्याला डोकं लावून बोलताना दिसले. आता मात्र माझी खात्रीच झाली, की इथे पाणी मुरतंय आणि कुठे मुरतंय तेही मला कळलंय. भावाने सांगितलं, दत्ताने केलं. बाकीच्या घरांतही असंच. फक्त हातात पुरावा नव्हता.

पुरावा मिळवायला मी एक साधी युक्ती केली. दत्ताला दुपारी घरी पाठवला. त्याच्या खुर्चीत स्वतः बसले, माझ्या लॉगिनने. आणि बाकावरच्या गजराबाईला आत बोलावलं. म्हटलं, तुम्ही सांगा, मी भरते. मी भरलेला फॉर्म शाबूत राहिला की झालं, दत्ताने केलं हे सिद्ध.

तिने आधी चहूकडे पाहिलं, दत्ता खरंच गेलाय ना ते बघून घेतलं आणि मगच स्टुलावर बसली. नलवड्यांचं घर म्हणजे तीन भावांचं खटलं, लहानथोर धरून बेचाळीस माणसं. कागद तिच्यापाशी नव्हता, सगळं तोंडपाठ. थोरला चुलता तात्या, मग त्याची मुलं, नातू. मग मारुती, त्याची मुलं, नातू. मग धाकटी पाती. मग सुना. मग लग्नाच्या पोरी. कुणाचा जन्म कधीचा विचारलं की, दुष्काळात झाला, इंदिराबाई गेल्या त्या साली झाला, असा हिशेब. मी त्यावरून सन लावत होते. एकेका माणसाचे पंचवीसेक रकाने. माझी मान मोडून आली. शेवटी एक विधवा काकी आली आणि मग तिने लुगडं सारखं करत सांगितलं, "आता लिवा. गजराबाई पांडुरंग नलवडे."

मी बटण दाबलं. हिरवी पट्टी आली. मी कुटुंब उघडून खाली गेले.

काकी नव्हती. गजराबाईही नव्हती.

मी पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. खुर्चीत मी, लॉगिन माझं, बटणावर बोट माझं. दत्ता घरी, मारुती गावात. आणि नाव गेलं होतं. गजराबाईला स्वतःचं नाव तेवढं वाचता येत होतं. ती स्क्रीनवर बोट फिरवत राहिली, मग बोट थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हलकेच म्हणाली, "तुमालाबी दिलं वाटतं त्येनं कायतरी."

मी शपथा घेतल्या. तिच्या डोळ्यांसमोर तर सगळं केलं होतं म्हणून सांगितलं. ती ऐकत होती, पण तिचा चेहरा शुक्रवारी दत्ताकडे बघताना माझा असेल तसाच होता. मला भयंकर राग आला, तिचा, स्वतःचा, त्या हिरव्या पट्टीचा. दोन दिवस मी ज्या नजरेने त्या पोराकडे बघत होते ती काय चीज असते हे मला तेव्हा कळलं.

रविवारी मी दत्ताला बोलावून घेतलं. किल्ली त्याच्याकडेच होती. झालेला प्रकार सांगितला तर तो हसला नाही की मला टोमणा मारला नाही, फक्त एक मोठा श्वास सोडला. गजराबाई पण आली होती. तिला विश्वास नव्हता म्हणूनच आली होती.

मी म्हटलं, आज उलटं करू. आधी गजराबाई, मग काकी, मग पोरी, सुना आणि सगळ्यांत शेवटी तात्या. दत्ता भराभर भरत गेला. बटण दाबलं. उघडलं. गजराबाई पहिल्या ओळीवर ठणठणीत. आणि खाली थोरल्या चुलत्याचा, तात्याचा, पत्ताच नाही. त्याच्या वरचा त्याचा थोरला मुलगाही गेलेला.

"तात्याबी ग्येला?" गजराबाईने विचारलं, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा ती हसली. पदर तोंडाला लावून, आवाज न करता, बराच वेळ. "म्हाताऱ्याला कळलं तर काठी घिऊन यील."

सर्व्हर बायकांना खात नव्हता. तो शेपूट खात होता. लांबलचक फॉर्म आला की शेवटचा तुकडा तोडून टाकत होता, मग तिथे कुणीही असो.

मी पुण्याला फोन लावला. सर्व्हर सांभाळणारा आमचा आठल्ये जेवत होता. त्याला म्हटलं, घास ठेव आणि सांग, गेल्या काही महिन्यांत काय बदललंस? तो आठवत आठवत म्हणाला, पाडव्याच्या सुमाराला सर्व्हरची नवी आवृत्ती टाकली, बाकी काही नाही. त्या आवृत्तीत काय काय आहे ते वाचून दाखव म्हटलं. वाचता वाचता तो थांबला. हल्लेखोरांनी अवाढव्य फॉर्म पाठवून सर्व्हर पाडू नये म्हणून नव्या आवृत्तीत एक मर्यादा आली होती. एका फॉर्मचे हजार रकाने घ्यायचे, त्यापुढचे गुपचूप सोडून द्यायचे. सूचना सर्व्हरच्या एका वेगळ्या नोंदवहीत पडते, पण डिस्क भरते म्हणून ती नोंद आम्हीच बंद करून ठेवली होती. माणशी पंचवीस रकाने धरले तर चाळिसाव्या माणसानंतर कात्री. जे अर्धवट राहायचं ते आमचा प्रोग्राम कचरा समजून गाळायचा.

आणि पुण्यात आम्हाला हे दहा वेळा करूनही का दिसलं नाही? कारण आम्ही तपासायला भरलेलं कुटुंब म्हणजे आई, बाबा, एक मुलगा, एक मुलगी. आठल्येने फार तर आजी घातली होती. चाळीस माणसांचं घर असू शकतं हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. हसावं की कपाळावर हात मारावा कळेना.

दत्ताचंच लॉगिन का, तेही उलगडलं. मोठं खटलं आलं की त्या एकबोटी बाई हात जोडायच्या आणि ते दत्ताकडे सरकवायच्या. सगळी मोठी घरं त्याच्याकडे, म्हणून सगळी गळती त्याच्या नावावर. चांगलं काम करणाऱ्याच्या वाट्याला हे येतं.

"पण बायकाच का शेवटी?" मी त्याला विचारलं. "तू तसं लावायचास का?"

"नाही मॅडम, घरची माणसं सांगतील तसं मी लिहायचो. सगळे असंच सांगतात. आधी कर्ते पुरुष, मग पोरं, मग सुना, मग पोरी आणि परत आलेली एकदम शेवटी. कागदावर पण तोच क्रम असतो." मग त्यानेच विचारलं, "काल तुम्हाला यांनी तरी कसं सांगितलं?"

मी गजराबाईकडे पाहिलं. तिने स्वतःच स्वतःला शेवटी ठेवलं होतं. ती म्हणाली, "मग कुठं सांगायचं? जितं असतंय तितंच सांगनार की."

आठल्येने तासाभरात मर्यादा वाढवली. मी पुन्हा भरून पाहिलं, सरळ, उलटं, मधूनच. बेचाळीसच्या बेचाळीस माणसं राहिली.

सोमवारी सकाळी साहेबांच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. साहेब, मी, दत्ता, गजराबाई, आणि शिपायाने निरोप देऊन बोलावलेला मारुती. मी झालं ते जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगितलं. कुणी काही काढलेलं नाही, कुणी पैसे खाल्लेले नाहीत, लांब फॉर्मची शेपटी यंत्राने तोडली आणि शेपटीला बायका होत्या. साहेबांनी दोनदा समजावून घेतलं. मग जिल्ह्याला फोन लावून संध्याकाळपर्यंतची सवड मागून घेतली आणि खुर्चीत मागे रेलले. पोलीस नको, चौकशी नको, वर्तमानपत्र नको. त्यांचा चेहरा एकदम दहा वर्षांनी तरुण दिसायला लागला.

मारुतीने टोपी काढली आणि तिच्यातच तोंड खुपसून तो रडायला लागला. एवढा मोठा माणूस, खांदे गदगदत होते. "आयकलंस का गजरे? म्यां न्हाई काढलं तुजं नाव. आईच्यान न्हाई काढलं."

गजराबाई उठून त्याच्याजवळ जाऊन बसली. तिचेही डोळे भरले होते. तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "चुकलं माजं, अन्ना. समद्या गावाम्होरं वाट्टंल त्ये बोलले. तू मला गाडी घालून आनलीस आन म्यां तुला आसं..." दत्ता खिडकीबाहेर बघत होता. हे माझ्यामुळे घडलं म्हणून मला अभिमान वाटत होता, आणि मी तो लपवतही नव्हते.

मारुती डोळे पुसत म्हणाला, "सायेब, आता हिचं नाव पयलं घाला. माज्या आंदी."

"घालू, घालू," साहेब खुशीत म्हणाले. मग सहज काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी मला विचारलं, "पण मॅडम, पाडव्यापासून ग्रामसभेपर्यंत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही हो? एवढी घरं, एक तक्रार नाही?"

चूक कुठे झाली हे मी शोधलं होतं. ती इतके दिवस दबून कशी राहिली हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

उत्तर दत्ताने दिलं. स्वतःवरचा उरलासुरला ठपकाही पुसावा एवढाच त्याचा हेतू असावा. "आपल्याकडून तर सगळं नियमाने झालं होतं साहेब. फॉर्म भरला की साठलेल्या नावांचा छापील कागद घरोघर गेला होता. कुटुंबप्रमुखाने वाचायचा, चुकलं असेल तर खूण करायची, नाहीतर सही करून परत द्यायचा. सगळ्यांचे कागद सह्या होऊन आले. खूण कुणाचीच नव्हती."

तो बोलून गेला आणि मग त्यालाच कळलं आपण काय बोललो ते. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

गजराबाईचा हात अजून मारुतीच्या हातावर होता. तिने तो काढून घेतला नाही, नुसता उचलला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला.

"तुज्याकडं कागद आला हुता?"

"आला हुता."

"वाचलास?"

"थोरल्या पोरानं वाचून दावला."

"माजं नाव नव्हतं त्येच्यात."

मारुतीने टोपी दोन्ही हातांत धरली होती. तो खोटं बोलला असता तरी तिथे कुणाला कळलं नसतं. पण तो खोटं बोलणारा माणूस नव्हता, आणि मला वाटतं तेच त्याच्या मुळावर आलं. "मला वाटलं सरकारनंच काडलं आसंल," तो म्हणाला. "काय तरी नियम आसंल, परत आलेलीला न्हाई म्हनून. सरकारच्या कागदावर आपुन काय बोलायचं?"

"तुज्या नातवाचं नसतं, तर बोलला असतास का न्हाई?"

त्याने टोपी डोक्यावर घातली, नीट केली, पुन्हा काढली. तिने पुन्हा विचारलं नाही. दोन दिवस मी चोर शोधत होते, दत्ता, मारुती, कैऱ्या, मोटरसायकल, सगळ्यांवर नजर ठेवून होते, आणि माझ्यासारख्या संशयी बाईलाही जे दिसलं नव्हतं ते या बाईने चार प्रश्नांत बाहेर काढलं होतं. मला एकदम थकल्यासारखं झालं. कुणी काही काढलेलं नाही, असं मी मघाशी छातीठोकपणे म्हणाले होते. ते खरंच होतं.

साहेबांनी घसा साफ करून दत्ताला काम सुरू करायला सांगितलं. सगळ्या मोठ्या घरांचे फॉर्म त्याच दिवशी पुन्हा भरायचे होते, आणि पहिला नलवड्यांचा. दत्ता खुर्चीत बसला, फॉर्म उघडला आणि मान वर न करता विचारलं, "पहिलं नाव कुणाचं घालू?"

"तिचं," मारुती दारातून म्हणाला. त्याचा आवाज नीट ऐकूही आला नाही.

"न्हाई," गजराबाई म्हणाली. तिने स्टूल ओढून दत्ताच्या शेजारी लावलं आणि बसली. "तात्यापास्नं लिव. माजं हाय तितंच ऱ्हाऊ दे, शेवटी. तितं टिकतंय का न्हाई ते मी बगते."

दत्ताने तसंच लिहिलं. दुपारपर्यंत ती जागची हलली नाही. प्रत्येक नाव तिने ऐकलं, दोन ठिकाणी वयं दुरुस्त केली. मारुतीच्या नातवांची नावं आली तेव्हा धाकट्याचं नाव चुकीचं लिहिलं गेलं होतं, तेही तिनेच सांगून नीट करवलं. शेवटच्या ओळीला दत्ताने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. बटण दाबलं, पट्टी आली आणि ती ढुंकूनही न बघता म्हणाली, "पट्टीचं ऱ्हाऊ दे. नाव दाव."

दत्ताने खाली जाऊन दाखवलं. तिने बोट ठेवून अक्षरं लावली. मग त्याच्याकडून कागद छापून घेतला, चार घड्या घालून पिशवीत ठेवला आणि दत्ताला म्हणाली, लग्नाला बोलाव.

बाहेर मारुती भाड्याच्या जीपपाशी उभा होता. गावाकडे जाणारी माणसं दाटीवाटीने मागे बसली होती, पण पुढची जागा त्याने कुणाला दिली नव्हती. "चल गजरे," तो म्हणाला, "ऊन लई झालंय."

"तू हो पुढं," ती म्हणाली. "मी येते माज्या मी."

जीपवाल्याने हॉर्न वाजवला तसा तो चढला, पुढे नाही, मागे, इतरांमध्ये अंग चोरून. जीप गेली. गजराबाई व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि मला विचारलं, मोरखिंडची एसटी किती वाजता आहे ते.